मुलाला भूल कोण देणार, ते आधी सांगा!

पुण्यात रोज सकाळी मुले ऑपरेशनला जातात. कोणाचा हर्निया, कोणाचे टॉन्सिल, कोणाचा फाटलेला ओठ, कोणाचा तिरळा डोळा. आईबापांना सर्जनचे नाव पाठ असते. दहा जणांना विचारून ते त्या नावापर्यंत पोचलेले असतात. डिपॉझिटचा आकडा पाठ असतो. खोली एसी की नॉनएसी, तेही ठरलेले असते. पण पुढचा तासभर ज्याच्या हातात मुलाचा श्वास असणार, त्याचे नाव त्यांना कोणी सांगितलेले नसते. काउंटरवर विचारले तर उत्तर येते, "येतील ना डॉक्टर, आमचे नेहमीचे आहेत." कोण नेहमीचे? एवढ्या लहान मुलांना भूल देण्याची त्यांना सवय आहे काय? ते मुलाला तपासणार कधी, टेबलावर झोपवल्यावर? आणि मूल पुरते शुद्धीवर येईपर्यंत थांबणार, की पुढच्या रुग्णालयातल्या टेबलासाठी निघणार? एवढे साधे प्रश्न अनुत्तरित ठेवून मुलाला आत नेणारे रुग्णालय गुन्हेगार आहे, आणि ही उत्तरे देण्याची सक्ती न करणारे पुणे महापालिकेचे आरोग्य खाते त्या गुन्ह्यातले भागीदार आहे. शब्द कडू वाटत असतील तर वाटोत.

भूल देणाऱ्याला बिननावाचा ठेवण्याची या शहराची खोड जुनी आहे. १२ जानेवारी १९२४ च्या रात्री ससून रुग्णालयात महात्मा गांधींचे आंत्रपुच्छाचे ऑपरेशन झाले. येरवड्याच्या कैद्यावर शस्त्र चालवणाऱ्या कर्नल मॅडॉक यांचे नाव पुण्यात शाळकरी पोरालाही ठाऊक आहे. ऑपरेशन चालू असताना वीज गेली आणि कंदिलाच्या उजेडात काम पुरे करावे लागले, हीही गोष्ट रंगवून सांगितली जाते. ती खोली स्मारक म्हणून जपली आहे. त्या अंधारात रुग्णाचा श्वास कोण सांभाळत होते, हे सांगू शकणारे किती पुणेकर निघतील? महात्म्याच्या भूलतज्ज्ञाची ही गत, तर हडपसरच्या रिक्षावाल्याच्या पोराच्या भूलतज्ज्ञाचे नाव कोणाला हवे आहे!

आणि हे अज्ञान निरुपद्रवी नाही, हे पुण्याला तरी सगळ्या शहरांआधी कळायला हवे होते. भारतातल्या वैद्यकीय निष्काळजीपणाच्या कायद्याचा पायाच मुळी पुण्यातल्या एका खटल्यात घातला गेला आहे, आणि त्या खटल्याच्या मुळाशी न दिलेली भूल आहे. लक्ष्मण जोशी विरुद्ध त्रिंबक गोडबोले. कायद्याचा प्रत्येक विद्यार्थी तो वाचतो. वैद्यकाचे किती विद्यार्थी वाचतात, देव जाणे. ६ मे १९५३ रोजी रत्नागिरी जिल्ह्यातल्या पालशेतच्या समुद्रकिनाऱ्यावर वीस वर्षांच्या एका तरुणाच्या डाव्या मांडीचे हाड मोडले. गावच्या डॉक्टरांनी पायाला फळ्या बांधल्या, मग आधार बदलला, आणि आईसोबत टॅक्सीतून दोनशे मैलांचा प्रवास करून ९ मे रोजी त्याला पुण्यात आणले. बाप दौंडला डॉक्टरकी करणारा. तोही येऊन पोचला. म्हणजे अडाणी, गांजलेले, काही न कळणारे कुटुंब नव्हे. दुपारी सव्वादोनला मुलाला एका खासगी रुग्णालयात दाखल केले. मॉर्फियाची दोन इंजेक्शने एका तासाच्या अंतराने द्यायची होती. दिले गेले एकच. मग ऑपरेशन थिएटरात, न्यायालयाने काढलेल्या निष्कर्षानुसार, भूल न देता, तीन मदतनीसांच्या साहाय्याने, प्रमाणाबाहेर जोर लावून तो मोडलेला पाय ओढण्यात आला. संध्याकाळी श्वास लागला. रात्री नऊला मुलगा गेला. दाखल्यावर कारण लिहिले गेले, रक्तात चरबीची गुठळी. दिवाणी न्यायालय म्हणाले, मृत्यू त्या ओढाताणीच्या धक्क्याने झाला. उच्च न्यायालयाने ते मान्य केले. २ मे १९६८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने शिक्कामोर्तब केले. पंधरा वर्षे खटला चालला आणि भरपाई मिळाली तीन हजार रुपये.

वीस वर्षांचा तरुण म्हणजे मूल नव्हे, असे कोणी म्हणेल. कबूल. मग आम्ही विचारतो, जो वीस वर्षांचा होता, ज्याला बोलता येत होते, ज्याचा बाप डॉक्टर होता, त्याच्या वेदनेचे जर या शहरात हे झाले, तर दोन वर्षांच्या मुलाच्या वाट्याला काय येत असेल? त्याला "डॉक्टर, मला श्वास घेता येत नाही" असे म्हणता येत नाही. त्याचा निळा पडणारा ओठ बघायला शेजारी शहाणा माणूस असावा लागतो, बस्स. तो माणूस तिथे आहे की नाही, एवढाच आमचा प्रश्न आहे.

मूल म्हणजे छोट्या आकाराचा मोठा माणूस नव्हे, हे वैद्यकाच्या पहिल्या पाठातले वाक्य. तरीही ऑपरेशनची यादी लावताना ते सोयीने विसरले जाते, म्हणून पुन्हा उगाळतो. नवजात बाळ किलोमागे मोठ्यांच्या दुप्पट प्राणवायू जाळते आणि त्याच्या फुप्फुसांत साठा मात्र अगदी थोडा असतो. मोठ्या माणसाचा श्वास अडला तर भूलतज्ज्ञाला काही मिनिटे मिळतात. तान्ह्याच्या बाबतीत मॉनिटरचा सूर क्षणात खाली येऊ लागतो, आणि प्राणवायू कमी पडला की त्याचे हृदय धावण्याऐवजी मंदावते. बाळाची श्वासनलिका जेमतेम चार मिलिमीटर रुंद. आतून सगळीकडे एक मिलिमीटर सूज आली, तर वाट एक चतुर्थांश उरते. दहा किलोच्या मुलाच्या अंगात रक्त असते सुमारे आठशे मिलिलिटर. शंभर सांडले तर आठवा हिस्सा गेला. औषध वजनावर मोजायचे, तेही मोठ्यांसाठी बनवलेल्या कुपीतून, पाणी मिसळून. दशांशचिन्ह एक घर सरकले की मात्रा दसपट! सर्दी झालेल्या मुलाला भूल दिली की घसा आवळून बंद होण्याची भीती वाढते, आणि तो आवळला की पुढच्या अर्ध्या मिनिटात काय करायचे हे पुस्तक उघडून बघता येत नाही. ते हातांना माहीत असावे लागते.

हातांना माहीत असणे म्हणजे काय, त्याचा पुरावाही आहे. २०१७ मध्ये युरोपातल्या ३३ देशांमधल्या २६१ रुग्णालयांनी तीस हजारांहून अधिक मुलांच्या भुलीची एकत्रित नोंद प्रसिद्ध केली. भुलीच्या दर शंभर प्रसंगांमागे पाचांहून अधिक वेळा गंभीर संकट उद्भवले होते. युरोपात, जिथे यंत्रे आहेत, माणसे आहेत, शिस्त आहे, तिथे ही गत. आणि संकट कशाने कमी झाले? मूल जसे वयाने मोठे तसा धोका कमी, हे तर होतेच. पण भूल देणाऱ्या चमूचा अनुभव जितका जास्त तितका धोका कमी, हेही त्या आकड्यांनी दाखवले. रुग्णालयाच्या दर्शनी काचेने तो कमी झाला नाही. ब्रिटनने तर १९८९ मध्येच दहा वर्षांखालच्या मुलांच्या ऑपरेशननंतरच्या मृत्यूंची देशभर गोपनीय तपासणी केली आणि सडेतोड निष्कर्ष काढला: अधूनमधून, कधीमधी मुलांवर हात चालवणाऱ्या सर्जन आणि भूलतज्ज्ञांनी ते थांबवावे. आमच्या शहरात पेठेतल्या जुन्या वाड्याच्या जागी उभ्या राहिलेल्या नर्सिंग होमपासून सिंहगड रस्त्यावरच्या पाचमजली रुग्णालयापर्यंत किती ठिकाणी हे "कधीमधी" चालते? महापालिकेने आकडा जाहीर करावा. करणार नाही, कारण तिने तो कधी मागितलेलाच नाही.

आता भूलतज्ज्ञांवर तुटून पडण्याचा मोह अनेकांना होईल. तो आम्ही आवरतो. चोर सोडून संन्याशाला सुळी देण्यात अर्थ नाही. पुण्यातला फ्रीलान्स भूलतज्ज्ञ सकाळी कोथरूड, दुपारी औंध, संध्याकाळी खराडी असा बॅग घेऊन धावतो. फोन सर्जनचा येतो, पैसे सर्जनकडून किंवा मालकाकडून येतात, आणि "आज नको, मुलाला कफ आहे, दोन आठवडे थांबू" असे म्हटले की पुढचा फोन दुसऱ्याला जातो. ज्याच्या एका नकारावर मुलाचा जीव अवलंबून, त्याच्या नकाराची किंमत त्याच्याच खिशातून वसूल होते! सरकारी योजनेत तरी वेगळे काय आहे? महात्मा फुले जन आरोग्य योजनेत ऑपरेशनचे पॅकेज एकगठ्ठा. त्यातले भूलतज्ज्ञाला किती, हे रुग्णालय ठरवणार. दर लाख लोकांमागे किमान पाच भूलतज्ज्ञ असावेत असे भूलतज्ज्ञांची जागतिक संघटना सांगते आणि आपला देश त्या पाचाच्या आसपासही नाही. त्यातही मुलांची भूल हेच ज्यांचे रोजचे काम, असे मोजकेच, आणि तेही ठरावीक मोठ्या रुग्णालयांत. भोर, वेल्हे, जुन्नरच्या मुलाला तिथवर आणायचे तर एसटी आणि उधारी. शाळा-अंगणवाड्यांत मुले तपासणारा राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ मध्ये याच महाराष्ट्रात, पालघरला सुरू झाला. फाटलेले ओठ सापडले, वाकडे पाय सापडले, हृदयातली छिद्रे सापडली. शाबास. पण सापडलेल्या मुलाला सुरक्षित झोपवणारा माणूस कुठून आणायचा, याचा विचार त्या फायलीत कोणी केला होता?

आणि उपासाचे काय? "रात्री बारापासून काही देऊ नका, पाणीसुद्धा नाही." हा हुकूम पुण्यातल्या कित्येक वॉर्डांत अजून तसाच सुटतो. यादीत मुलाचा नंबर दुपारी दोनचा असला तरी हुकूम रात्री बाराचाच. चौदा तास! मूल रडून रडून थकते, आई पदराआड तोंड लपवते, आणि सिस्टर सांगते, "ओटीतून अजून फोन नाही आला." कशासाठी हा छळ? जेवण सहा तास आधी थांबवा, आईचे दूध चार तास आधी, आणि पाणी किंवा गाळलेला सफरचंदाचा रस दोन तास आधीपर्यंत चालतो, हे दशकानुदशके छापून आले आहे. युरोपातल्या भूलतज्ज्ञांच्या संघटनेने २०२२ मध्ये मुलांसाठी ते आणखी सैल केले: पाणी एक तास आधीपर्यंत, आईचे दूध तीन तास आधीपर्यंत. बाळाला विनाकारण कोरडे ठेवले की रक्तातली साखर उतरू शकते, शीर सापडत नाही, आणि सुईचे चार टोच जास्त बसतात. हे बदलण्यात एक रुपयाचाही खर्च नाही. यंत्र नको, इमारत नको, निविदा नको. फक्त यादी लावणाऱ्याने मुलांना सकाळी पहिले नंबर द्यायचे आणि प्रत्येकाची वेळ पाहून सिस्टरला सूचना द्यायची. एवढेही जमत नसेल, तर तिथे कमतरता पैशाची नाही, कळवळ्याची आहे.

वेदनेच्या बाबतीत वैद्यकाने बाळांशी किती निर्दयपणा केला, याचा इतिहास वाचवत नाही. ऐंशीच्या दशकापर्यंत, पुढारलेल्या अमेरिकेतसुद्धा, तान्ह्या बाळाला वेदना कळतच नाहीत अशी समजूत रूढ होती. १९८५ मध्ये तिथे दिवस भरण्याआधी जन्मलेल्या एका बाळाचे हृदयाजवळची नस बांधण्याचे ऑपरेशन केवळ स्नायू लुळे करणारे औषध देऊन झाले. बाळाला हलता येत नव्हते, ओरडता येत नव्हते. जाणवत मात्र सगळे होते. बाळ पुढे दगावले, आईने कागदपत्रे मिळवली आणि देश हादरवला. त्या समजुतीची पाळेमुळे शास्त्राने खणून काढली ती १९८७ मध्ये, आणि ते करणारा माणूस आपल्याच शेजारच्या होळकरांच्या इंदूरला, महात्मा गांधी वैद्यकीय महाविद्यालयात शिकलेला: डॉ. कंवलजीत आनंद. ऑक्सफर्डला जाऊन त्यांनी मोजून दाखवले की पुरेशी वेदनाशामक भूल दिलेली बाळे ऑपरेशननंतर अधिक नीट सावरतात. इंदूरहून ऑक्सफर्डला गेलेले हे शहाणपण पुण्याच्या गल्लीतल्या क्लिनिकात अजून पोचायचे आहे काय? बारक्या ऑपरेशनसाठी चार जणांनी मूल धरून ठेवायचे, किंवा ट्रायक्लोफॉसचे सरबत पाजून, मॉनिटर न लावता गुंगवायचे, असले प्रकार जो कोणी करत असेल, त्याने १९५३ च्या त्या थिएटरातला पाय आठवावा.

"अहो, किरकोळ ऑपरेशन आहे" ही ढाल तर मोडूनच टाकली पाहिजे. ऑपरेशन किरकोळ असते, भूल किरकोळ नसते, हे भूलतज्ज्ञ घसा कोरडा करून सांगतात. क्लोरोफॉर्मच्या भुलीखाली दगावल्याची जगातली पहिली नोंद झाली तीही एका मुलीचीच. २८ जानेवारी १८४८, इंग्लंडात न्यूकॅसलजवळ, पंधरा वर्षांची हॅना ग्रीनर. ऑपरेशन कशाचे? पायाच्या बोटाचे नख काढायचे होते! क्लोरोफॉर्म वापरात येऊन तीन महिनेही झाले नव्हते. पण पुढे काय झाले ते बघा. लगेच शवविच्छेदन झाले, चौकशी बसली, साक्षी झाल्या, हकीकत छापली गेली, आणि जगभरच्या डॉक्टरांनी त्या एका अनाम खेड्यातल्या पोरीच्या मरणातून काय शिकायचे यावर वर्षानुवर्षे वाद घातला. आमच्याकडे? १८८९ मध्ये हैदराबादच्या निजामाने स्वतःच्या खजिन्यातून पैसे देऊन क्लोरोफॉर्मने आधी श्वास थांबतो की हृदय, हे शोधायला आयोग नेमला. निष्कर्ष पुढे चुकीचा ठरला, ते सोडा. एका संस्थानिकाला प्रश्न पडला होता! ऑस्ट्रेलियातले न्यू साउथ वेल्स राज्य १९६० पासून भुलीखालच्या प्रत्येक मृत्यूची छाननी करते. महाराष्ट्र सरकार बाळंतिणींचे मृत्यू मोजते, बालमृत्यूंचे परीक्षण करते. पण ऑपरेशन टेबलावर भुलीत किती मुले दगावली, किती मरता मरता वाचली, कितींच्या मेंदूला इजा झाली, हे सक्तीने नोंदवून त्यातून शिकण्याची यंत्रणा या राज्यात नाही. निजामाच्याही मागे आहोत आपण.

म्हणून इथे मूल गेले की तीनच गोष्टी होतात. एक तर काचा फुटतात, नातेवाईक, कार्यकर्ते आणि कॅमेरे जमतात, नगरसेवकाचा माणूस "मध्यस्थी" करायला येतो. किंवा बंद खोलीत पाकीट सरकते आणि तोंडे शिवली जातात. तिसरा मार्ग कागदी: पोलिस फाइल ससूनच्या समितीकडे पाठवतात, समिती मत देते, मत फाइलीत जाते. शेजारच्या रुग्णालयातल्या भूलतज्ज्ञाला त्या मरणातून काही शिकायला मिळत नाही. तीच चूक पुढच्या महिन्यात दुसऱ्या पेठेत.

नर्सिंग होमची नोंदणी १९४९ च्या कायद्याने महापालिकेकडे आहे. २०२१ मध्ये सुधारित नियम आले, रुग्णहक्कांची सनद भिंतीवर लावा म्हणाले. ती लागली, बहुधा लिफ्टच्या मागे. २०२५ च्या एप्रिलात एका मृत्यूनंतर अनामत रकमेवरून पुणे पेटले तेव्हा महापालिकेला एकदम नियम आठवले आणि खासगी रुग्णालयांना फर्मान निघाले. याचा अर्थ अधिकार आहे, शाई आहे, कागद आहे. मरण दूरदर्शन वाहिन्यांवर यावे लागते, इतकेच. मुलांच्या भुलीसाठीही कोणाचे तरी मूल पडद्यावर येण्याची वाट बघणार आहात काय? अग्निशमनाचा दाखला मागता, जैविक कचऱ्याचा दाखला मागता. मग मुलांच्या मापाची नळी आणि मास्क, रक्तातला प्राणवायू आणि उच्छ्वासातला कार्बन डायऑक्साइड दाखवणारे मॉनिटर, आणि मुलांच्या भुलीत मुरलेला माणूस या रुग्णालयात आहे की नाही, हे विचारताना तुमची जीभ का अडखळते? जिथे हे नाही, तिथे मुलांची ठरवून केलेली ऑपरेशने बंद करा. नोंदणीच्या नूतनीकरणाला अट घाला. भूलतज्ज्ञाचे नाव दाखल्यावर, बिलावर आणि संमतीपत्रावर स्वतंत्र छापायला लावा, त्याचे मानधन सर्जनच्या मर्जीतून सोडवा. आणि भुलीखालच्या प्रत्येक मृत्यूची, नावे झाकून, वर्षातून एकदा छापील हकीकत काढा. महापालिकेने २०२२ मध्ये स्वतःचे वैद्यकीय महाविद्यालय काढले आहे. तिथल्या भूलशास्त्र विभागावर हे काम टाका, तेवढे तरी त्याचे सार्थक होईल.

आयुक्त आणि आरोग्यप्रमुख हे करतील तेव्हा करतील. पालकांनो, तुम्ही आजपासून एवढे करा. अपघात असेल, पोट फुटले असेल, जीव धोक्यात असेल, तर एक क्षणही दवडू नका, डॉक्टर सांगतील ते होऊ द्या. पण तारीख ठरवून केलेले ऑपरेशन असेल, तर भूल देणारे डॉक्टर समोर येऊन, नाव सांगून, मुलाची छाती तपासून, सर्दी-खोकला आणि ॲलर्जी विचारून, दूध-पाण्याच्या वेळा लिहून देईपर्यंत संमतीपत्रावर सही करू नका.